१ लिटर तेल आणि ८९७ ग्रॅम: गुहागरकडच्या एका बाटलीचं प्रकरण

गुहागर तालुक्यातल्या आमच्या वाडीत बायकांचा एक बचत गट आहे, स्वतःच्या घाण्यावर खोबरेल काढतात, आणि गणपती ते शिमगा या काळात मुंबईकडे बऱ्यापैकी माल जातो. मी गटात नाही, पण माझी मामी आहे, त्यामुळे हिशोब, लेबलं, व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरी हे सगळं माझ्याच गळ्यात. जानेवारीत डोंबिवलीच्या एका गिऱ्हाइकाचा मेसेज आला, सोबत फोटो. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर आमची सीलबंद बाटली आणि आकडा ९३५. खाली लिहिलेलं की बाटलीवर १ लिटर छापलंय, बाटलीचं वजन वजा केलं तर तेल ९०० पण भरत नाही, म्हणजे किलोमागे १०० ग्रॅम मारताय, आणि एवढं हलकं तेल म्हणजे त्यात भेसळ असणार हे नक्की. शेवटी "गाववाल्यांकडून ही अपेक्षा नव्हती" हे पण होतं. हा माणूस शेजारच्याच गावचा चाकरमानी, त्यामुळे ती ओळ मामीला जरा जास्तच लागली.

मामीचं उत्तर एकच, "अरे रेघेपर्यंत भरतो आम्ही, एक थेंब कमी नाय. काटा त्याचाच बिघडलेला असेल."

आता यात मजा अशी की मामी खोटं बोलत नव्हती आणि काटाही बिघडलेला नव्हता. रिकामी बाटली झाकणासकट ३८ ग्रॅम, म्हणजे तेल ८९७ ग्रॅम. त्या माणसाच्या हिशोबाने १०३ ग्रॅमची तूट. त्यातली बरीचशी तूट मुळात तूटच नाही, पण थोडी खरी आहे, आणि ती खरी नेमकी किती हे काढायला आम्हाला तेल आणि पाणी शेजारी शेजारी ठेवून मोजावं लागलं. ते सगळं इथे लिहून ठेवतोय कारण आमच्यासारखे बरेच छोटे गट आता बाटल्या भरून विकतायत आणि सगळ्यांना हा मेसेज कधी ना कधी येणारच.

पहिली शंका: काट्याची आणि रेघेची

तेलाकडे जायच्या आधी रेघ तपासली, कारण बाटलीवरची १ लिटरची रेघच चुकीची असेल तर पुढचं सगळं मुसळ केरात. त्याच खेपेतली रिकामी बाटली घेतली, शृंगारतळीच्या एका दुकानातून शिक्का मारलेला काटा तासाभरासाठी मागून आणला, बाटलीत रेघेपर्यंत साधं विहिरीचं पाणी भरलं. एकूण १०३४, बाटली वजा केली की पाणी ९९६ ग्रॅम. लगेच कोणीतरी म्हणालं बघा पाणी पण ४ ग्रॅम कमी, रेघ चुकली. नाही चुकली. १ लिटर पाण्याचं वजन १ किलो हे ४ अंशाला, आपल्याकडे त्या दुपारी पाणी ३० अंशाच्या आसपास होतं आणि तेवढ्याला १ लिटर पाणी ९९५.७ ग्रॅमच भरतं. म्हणजे रेघ चोख.

मग तीच बाटली पुसून, उलटी करून पूर्ण सुकवून (पाण्याचे थेंब राहिले तर ते तेलाखाली जाऊन बसतात आणि हिशोब बिघडवतात) त्यात त्याच रेघेपर्यंत खोलीच्या तापमानाचं आमचंच खोबरेल भरलं. एकूण ९५३, तेल ९१५ ग्रॅम.

बास, तेल आणि पाण्याची तुलना म्हणजे एवढंच. बाटली तीच, रेघ तीच, तापमान तेच, फक्त आतला द्रव बदलला. ९१५ ला ९९६ ने भागलं की ०.९१९ येतं, म्हणजे तेवढ्याच जागेत तेल पाण्याच्या साधारण ९२ टक्के वजनाचं. प्रयोगशाळेत काचेची छोटी बाटली असते घनता मोजायची, ती पण याच तत्त्वावर चालते, फक्त आमची एक लिटरची होती आणि तिच्यावर नारळाचं चित्र होतं. आमचा आकडा विचित्रही नव्हता, खोबरेलाच्या आंतरराष्ट्रीय मानकात ४० अंशाचं तेल २० अंशाच्या पाण्याशी ताडून ०.९०८ ते ०.९२१ ही मर्यादा दिलेली आहे.

म्हणजे १ लिटर खोबरेल १ किलो कधीच भरणार नाही, कितीही शुद्ध असो. १०३ ग्रॅमपैकी ८५ ग्रॅम इथेच निकालात निघाले. लिटर ही जागा मोजते आणि किलो ही वस्तू, आणि पाण्याच्या बाबतीत दोन्ही आकडे जुळतात म्हणून आपल्याला सगळ्यांचेच जुळतात असं वाटतं. दुधाचं पण जवळपास जुळतं, त्यामुळे सवय आणखी पक्की होते.

मध्येच एक गंमत झाली ती सांगतो. वाडीत दूध गोळा करणाऱ्या दादाने उत्साहाने लॅक्टोमीटर आणून दिला, म्हणे यात बुडवा लगेच कळेल. बुडवला तर तो सरळ तळाला जाऊन ठक्क वाजला. दुधाची घनता पाण्यापेक्षा थोडी जास्त, १.०३ च्या आसपास, आणि लॅक्टोमीटरच्या खुणा त्याच टप्प्यासाठी केलेल्या असतात, तेलासारख्या हलक्या द्रवात त्याला तरंगताच येत नाही. पण बायकांना आकडेमोडीपेक्षा हेच जास्त पटलं. पाण्यात तरंगणारी वस्तू तेलात बुडते म्हणजे तेल पाण्यापेक्षा हलकं, विषय संपला.

"पण तेल तर पाण्यापेक्षा घट्ट असतं ना?"

हा प्रश्न गटातल्या एका काकूंनी विचारला आणि हा गोंधळ फार जणांचा असतो, शिकलेल्यांचा सुद्धा. तेल हळू ओततं, बोटाला चिकटतं, म्हणून ते जड असणार असं वाटतं. हळू वाहणं ही वेगळी गोष्ट आहे, तो चिकटपणा, आणि एवढ्या जागेत किती वजन बसलंय ही वेगळी. एरंडेल खोबरेलापेक्षा कितीतरी चिकट, तरी त्याची घनता ०.९६, पाण्यावरच तरंगतं. मध चिकट आहे आणि १.४ च्या आसपास, तो बुडतो. होडीच्या इंजिनातलं डिझेल पातळ, ०.८२ ते ०.८५, ते तरंगतं. चिकटपणावरून काहीच ठरत नाही.

दुसरा गोंधळ म्हणजे तेल हलकं आहे म्हणून पाण्यात मिसळत नाही. हे पण खरं नाही. मेडिकलमधलं स्पिरिट तेलापेक्षा हलकं असतं तरी पाण्यात मजेत मिसळतं. न मिसळणं हे रेणूंच्या स्वभावामुळे, पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असतात आणि तेलाच्या लांब शेपट्यांना मध्ये घेत नाहीत. वर कोण आणि खाली कोण एवढंच घनता ठरवते. घरात स्पिरिट होतंच, म्हणून एका ग्लासात ते घेतलं आणि खोबरेलाचा थेंब सोडला, थेंब गोल होऊन तळाला गेला. तेल बुडताना बघून सगळ्या बायका उठून ग्लासाभोवती आल्या, त्यातल्या दोघींनी पुन्हा पुन्हा थेंब सोडून बघितले. बेल्जियमच्या जोसेफ प्लातो नावाच्या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हेच जास्त नेटकेपणाने केलं होतं, अल्कोहोल आणि पाणी अशा प्रमाणात मिसळलं की त्याची घनता बरोब्बर तेलाएवढी झाली, मग तेल वरही जात नाही खालीही जात नाही, मधेच गोळा होऊन लटकून राहतं.

बरं खोबरेलाचा एक रेणू पाण्याच्या रेणूपेक्षा पस्तीसेक पटीने वजनदार आहे, मग तेल हलकं कसं? कारण द्रवाचं वजन एका रेणूवर नाही, तेवढ्या जागेत एकूण माल किती कोंबला जातो त्यावर. गणपतीच्या आदल्या दिवशीची मुंबईहून येणारी एसटी आठवा, छोटी चणीची माणसं खेटून खेटून बसली तर गाडी जास्त भरते, आणि प्रत्येकाच्या हातात लांब बांबू, चटया, मखराचे सांगाडे असतील तर माणूस सामानासकट वजनदार होतो पण गाडीत फटीच फटी राहतात. तेलाच्या रेणूला कार्बन आणि हायड्रोजनच्या तीन लांब शेपट्या असतात, त्या इतक्या घट्ट बसत नाहीत, त्यात हायड्रोजन सगळ्यात हलका. पाण्यात ऑक्सिजनचा वाटा वजनाने ८९ टक्के आणि रेणू एवढासा.

उरलेले १८ ग्रॅम

आता खरं प्रकरण इथे आहे. ९१५ भरायला हवं होतं, भरलं ८९७. १८ ग्रॅम कुठे गेले? मामी म्हणते रेघेपर्यंतच भरलंय, आणि मला तिच्या हातावर शंका नव्हती.

धागा मिळाला तो एका जुन्या, वेगळ्याच तक्रारीतून. डिसेंबरपासून दोन-तीन गिऱ्हाइकांनी फोटो पाठवले होते की बाटली कुशीत आत ओढली गेलीये, चेपल्यासारखी दिसते. आम्ही ते कुरिअरवाल्यांच्या माथी मारलं होतं. पण कुरिअरमध्ये आपटून चेपलेली बाटली एका बाजूने चेपते, या दोन्ही बाजूंनी सारख्या आत गेलेल्या. म्हणजे आतून ओढल्या गेलेल्या. आतून कधी ओढली जाते? गरम भरून लगेच झाकण घट्ट लावलं आणि मग आतला माल थंड होऊन आकसला की.

मामीला विचारलं, तुम्ही थंडीत तेल भरता कसं? तर म्हणाली, "कसं म्हणजे? सकाळी पिंपातलं तेल दगड झालेलं असतं. टोपात काढायचं, तापवायचं, नरसाळ्यातून भरायचं. थंड होईपर्यंत थांबलं तर पुन्हा गोठायला लागतं, मग नरसाळंच तुंबतं."

खोबरेल २४ अंशाच्या आसपास गोठतं आणि आमच्याकडे डोंगराच्या बाजूला थंडीत पहाटेचं तापमान त्याच्या बरंच खाली असतं. म्हणून डिसेंबर-जानेवारीत सगळं भरणं गरम तेलाचं. किती गरम? घरातल्या तापाच्या थर्मामीटरचा इथे उपयोग नाही, तो ४२ च्या पुढे जात नाही, शाळेच्या प्रयोगशाळेतून काचेचा आणला. मामीच्या नेहमीच्या सवयीने तापवलेलं तेल नरसाळ्यातून उतरताना ५५ अंश.

त्याच बाटलीत, त्याच रेघेपर्यंत हे ५५ अंशाचं तेल भरलं. एकूण ९३६. तेल ८९८ ग्रॅम.

डोंबिवलीच्या बाटलीत ८९७, आमच्या टोपातून ८९८. सापडलं.

खाद्यतेल दर १० अंशाला लिटरमागे साधारण ७ ग्रॅम हलकं होतं, कारण ते फुगतं, तेवढीच जागा भरायला कमी तेल लागतं. ३० वरून ५५ म्हणजे २५ अंश, १७ ग्रॅम. पाणी पण फुगतं पण तेवढ्याच फरकाला त्याचे १० ग्रॅमच कमी होतात, म्हणून थंड तेल थंड पाणी आणि गरम तेल गरम पाणी अशी तुलना केली तरी उत्तर थोडं वेगळं येतं, आणि गरम तेल थंड पाण्याशी ताडलं तर आणखी वेगळं. घनतेचा आकडा सांगताना तापमान सांगितलं नाही तर तो आकडा अर्धाच.

हे काही आमच्याच वाडीत घडतं असं नाही. बाजारातल्या पॅकबंद तेलांवर "६० अंश सेल्सिअसला १ लिटर" अशा धर्तीचं छापायची पद्धत होती, आणि त्यावरूनच ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने तेल कंपन्यांना सांगितलं की तापमान न लिहिता लिटर लिहा आणि सोबत वजन पण लिहा, मुदत १५ जानेवारी २०२३. त्यांनी सोयाबीन तेलाचं उदाहरण दिलं होतं, २१ अंशाला १ लिटर म्हणजे ९१९.१ ग्रॅम आणि ६० अंशाला ८९२.६. म्हणजे जास्त तापमान छापलं की लिटरमागे २६ ग्रॅम कमी देऊनही कागदावर सगळं बरोबर. मामीने नकळत जे केलं तेच, फक्त छापील अक्षरात.

गिऱ्हाइकाचं म्हणणं मग किती खरं? १०० ग्रॅम मारताय हे साफ चूक. १८ ग्रॅम कमी मिळालं हे खरं, म्हणजे जवळपास २० मिली. वैधमापनाच्या नियमात १ लिटरच्या पॅकला १५ मिलीपर्यंतची चूक चालते, आमची त्याच्या बाहेर होती. हेतू नव्हता वगैरे ठीक आहे पण बाटलीला हेतू कळत नाही, आणि सगळी थंडीभरची खेप अशीच गेलेली. मला विचाराल तर त्या माणसाचा सूर चुकला, तक्रार चुकली नाही.

भेसळीचं काय

त्याची दुसरी शंका राहिलीच. एवढं हलकं म्हणजे भेसळ. पाणी घातलं असेल का, तर नाही, पाणी घातलं की वजन वाढलं असतं, कमी नाही झालं, आणि ते तळाला वेगळं दिसलं असतं, कढईत तडतडलं असतं ते निराळंच. दुसरं तेल घातलं असेल का, इथे मात्र घनता काहीच सांगू शकत नाही आणि हे आम्ही त्याला स्पष्ट लिहिलं. शेंगदाणा, सोयाबीन, सूर्यफूल, पामोलिन, सगळी ०.९० ते ०.९२ च्या पट्टीत गर्दी करून बसलेली. खोबरेलात १० टक्के पामोलिन घातलं तर लिटरच्या वजनात १ ग्रॅमचाही फरक पडत नाही, घरचा काटा तेवढं पकडणारच नाही. तापमान दीड अंशाने बदललं तरी तेवढा फरक पडतो.

त्यासाठी लॅबमध्ये आयोडीन व्हॅल्यू काढतात, म्हणजे तेल किती आयोडीन शोषून घेतं त्याचा आकडा. खोबरेलाची ७.५ ते १०, पामोलिनची ५५ च्या वर, सोयाबीनची १२० च्या वर. तेच १० टक्के पामोलिन घातलं तर आकडा ९ वरून साधारण १४ ला उडी मारतो, लगेच उघडं पडतं. आम्ही एक सँपल लॅबला पाठवलं, रिपोर्ट हद्दीत आला, फोटो काढून त्याला पाठवला. "वजन करून शुद्धता ओळखा" असले फॉरवर्ड मेसेज फिरतात ना, ते खोबरेलाला तरी लागू नाहीत. पाण्यावर तरंगलं म्हणजे शुद्ध हे तर त्याहून कळस, रॉकेल पण तरंगतं, आणि पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या किनाऱ्याला डांबराचे गोळे लागतात ते पण समुद्रभर तरंगतच आलेले असतात.

बदल काय केला

भरायची पद्धत बदलली. आता बाटली काट्यावर ठेवायची, काटा शून्य करायचा आणि ९२० ग्रॅम येईपर्यंत ओतायचं, तेल गरम असो की थंड. तापमानाने जागा बदलते, वजन नाही, त्यामुळे थर्मामीटरची कटकटच संपली. गरम तेल आता रेघेच्या वर जातं पण गळ्यात जागा आहे. लेबलवर १ लिटर आणि खाली ९१५ ग्रॅम. वरचे ५ ग्रॅम कशाला, यावर मामीशी वाद झाला, कारण शंभर बाटल्यांना अर्धा किलो तेल जातं, पण काटा, हात आणि नरसाळ्याला चिकटलेलं धरून थोडं जास्तच बरं असं ठरलं. झाकण लगेच घट्ट करायचं नाही, कोमट होऊ द्यायचं, चेपणं थांबलं.

एक गोष्ट मात्र वजनाने भरूनही सुटत नाही. थंडीत तेल बाटलीत गोठतं तेव्हा ते आणखी आकसतं आणि मध्यभागी खळगा पडतो, लोकांना वाटतं कोणी काढून घेतलं. पाण्याचा बर्फ होताना फुगतो, ०.९१७ होतो, म्हणून पाण्यावर तरंगतो. खोबरेलाचं उलटं, गोठलेलं खोबरेल पातळ खोबरेलापेक्षा जड, अर्धवट वितळलेल्या बाटलीत पांढरा गोळा खाली बसलेला दिसतो. तरी तो गोळा सुद्धा पाण्यात टाकला तर वरच येतो. यावर आम्ही ऑर्डरीसोबत एक ओळ पाठवतो की पातळी बघू नका, वजन करा, बाटली ३८ ग्रॅम.

डोंबिवलीवाल्या साहेबांना तीनही आकडे, ९९६, ९१५ आणि ८९८, फोटोसकट पाठवले आणि एक पाव लिटरची बाटली भरपाई म्हणून. त्यांचं उत्तर आलं, "ठीक आहे. पाव लिटर २२९ भरलंय, बरोबर आहे ना?" बरोबर होतं.

त्या थंडीत गेलेल्या बाकीच्या बाटल्यांचा हिशोब करायला पूर्ण याद्या नव्हत्या, ज्यांचे नंबर होते त्यांना पुढच्या ऑर्डरीत १०० मिली जास्त द्यायचं ठरलं, बऱ्याच जणांना ते का मिळतंय हे कळलंच नाही.

आणि मामी आता शृंगारतळीच्या दुकानात शेंगदाणा तेलाचा डबा घेताना आधी वाकून बारीक अक्षरं वाचते. डबे दिसायला सारखे, पण एकावर १५ किलो आणि शेजारच्यावर १५ लिटर. १५ लिटर म्हणजे साधारण १३.७ किलो. दुकानदार लिटरचा डबा स्वस्त म्हणून पुढे सरकवतो, आणि ही तिथेच मोबाईल काढून भाव भागिले १३.७ करत उभी राहते, मागे रांग लागली तरी.